भट्टी, गुत्ता, ठेका, अहाता: सौंसर-पांढुर्ण्याच्या दारूदुकानाला नाव का नव्हतं?

इंग्लंडातल्या समुद्रकाठच्या लहानलहान गावांत स्थानिक इतिहासाची मंडळं असतात. ती एक काम फार निगुतीनं करतात. गावातला एखादा जुना पब बंद पडला, त्याची घरं झाली किंवा तिथं दवाखाना आला, की मंडळातला कुणीतरी निवृत्त गृहस्थ त्या पबचा इतिहास लिहून काढतो. पबचं नाव काय, पाटीवर चित्र कशाचं, इमारत कधीची, आणि मग मालकांची यादी. अमुक सालापासून अमुक माणूस, त्याच्यामागे त्याच्या विधवेनं काही वर्षं चालवला, मग जावई आला, मग दारू गाळणाऱ्या मोठ्या कंपनीनं विकत घेतला. दीडदोनशे वर्षांची साखळी नीट जुळते.

असे दोन-चार लेख वाचल्यावर मला वाटलं, आपणही करून पाहावं. सौंसरच्या बाजूला आमच्या लहानपणी एक देशी दारूचं दुकान होतं. आता तिथं शेतीच्या औषधांचा गाळा आहे. त्या दुकानाची अशीच यादी करायची. मी पेशानं मेकॅनिकल इंजिनिअर. बॉयलर आणि कंडेन्सरमध्ये आयुष्य गेलं, इतिहास मी पन्नाशीनंतर स्वतःच शिकतो आहे. वाटलं, महिन्याभराचं काम आहे.

ते काम झालं नाही. पण का झालं नाही, ते शोधताना जे हाती आलं ते यादीपेक्षा मोलाचं वाटलं, म्हणून हा लेख.

आधी जागेविषयी

बाहेरच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. सौंसर आणि पांढुर्णा हे तालुके मध्य प्रदेशात, नागपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी आहेत. आधी ते छिंदवाडा जिल्ह्यात होते. ऑक्टोबर २०२३ पासून पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आलं. घाटाखालची काळी जमीन, कापूस, संत्री, घरात मराठी. घाट चढून वर गेलं की मोहाची झाडं, गोंडांची गावं, बोली बदलते. खालचा कुणबी-माळी आणि वरचा गोंड यांची गाठ आठवडी बाजारात पडायची, आणि बाजाराच्या कडेला हमखास कलाली असायची. म्हणून आमच्या भागातल्या दारूच्या दुकानाचा इतिहास हा नुसता पिण्याचा इतिहास नाही. घाटाच्या वर आणि खाली कुणाचं काय कुणाकडे गेलं, त्याचा तो हिशेब आहे.

चार शब्द, आणि एकही नाव नाही

इंग्लंडातल्या पबला नाव असतं. जहाज, नांगर, लाल सिंह असं काहीतरी. गावात पत्ता सांगायला ते उपयोगी पडतं. आमच्या दुकानाला नाव नव्हतं. चार शब्द होते, आणि ते आलटूनपालटून वापरले जायचे: कलाली, भट्टी, गुत्ता, ठेका. पुढे पाचवा आला, अहाता.

हे शब्द नीट पाहिले तर निम्मा इतिहास तिथंच सापडतो.

'कलाली' म्हणजे कलालाची जागा, आणि त्याचा धंदासुद्धा. मराठा काळात कलाली हे करांच्या यादीतलं एक बाबही होतं. म्हणजे दुकान, धंदा आणि त्यावरचा कर, तिन्हींना एकच शब्द.

'गुत्ता' म्हणजे मुळात मक्ता. एखाद्या गोष्टीची विक्री करण्याचा ठरावीक रकमेला घेतलेला एकाधिकार. मराठवाड्यात आजही रस्त्याचं कंत्राट घेणाऱ्याला गुत्तेदार म्हणतात, त्याचा दारूशी काही संबंध नसतो. पण मराठीत नुसतं 'गुत्त्यावर बसलाय' म्हटलं की माणूस कुठं बसलाय ते सांगावं लागत नाही.

'ठेका' हिंदीतून आला, आणि त्याचाही अर्थ कंत्राटच. देशी दारूचा ठेका. दोन शेजारी भाषांनी, एकमेकींना न विचारता, दारूच्या दुकानाला कंत्राटाचंच नाव दिलं. इंग्लंडात पाटीवर जहाज होतं, आमच्याकडे पाटीवर करारनामा होता. लोकांना नेमकं कळलं होतं की इथं खरी वस्तू दारू नाही, मक्ता आहे.

उरला 'भट्टी'. माझ्या लहानपणी, म्हणजे १९७५-८० च्या सुमारास, त्या दुकानात कसलीही भट्टी नव्हती. सीलबंद बाटल्या यायच्या. तरी आजोबा म्हणायचे, "भट्टीच्या रस्त्यानं जाऊ नको रे." आग विझून दोन पिढ्या झाल्या होत्या, शब्द मात्र तापलेलाच होता. हा शब्द त्या काळचा अवशेष आहे, जेव्हा दारू जिथं गाळली जायची तिथंच विकली जायची.

यंत्र कसं होतं

हा भाग माझ्या पेशाचा, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मोहाची फुलं चैत्राच्या आगेमागे, पहाटे गळतात. गोड, मांसल, पिवळसर. वाळवली की मनुकांसारखी दिसतात आणि वर्षभर टिकतात. त्यात साखर भरपूर असते. ही वाळलेली फुलं पाण्यात भिजवून काही दिवस ठेवली की हवेतलं, भांड्यातलं यीस्ट त्या साखरेचा अल्कोहोल करतं. या आंबलेल्या मालाला आमच्याकडे 'सडवा' म्हणतात. पोलिसांच्या बातम्यांत 'इतका लिटर मोहसडवा नष्ट' असं येतं, तो हाच.

सडवा मडक्यात घालून चुलीवर ठेवायचा. अल्कोहोल ७८ अंश सेल्सियसला उकळतो, पाणी १०० ला. म्हणून मडक्यातून जी वाफ आधी उठते तिच्यात अल्कोहोलचं प्रमाण जास्त असतं. वर दुसरं भांडं, त्याच्या तोंडावर थंड पाण्याची वाटी किंवा परात. वाफ परातीच्या बुडाला लागते, थंड होते, थेंब होऊन आतल्या भांड्यात पडते. दुसऱ्या प्रकारात बांबूच्या नळीतून वाफ बाहेर काढून पाण्यात ठेवलेल्या भांड्यात उतरवतात. परातीतलं पाणी तापलं की बदलायचं. सांधे शेणामातीनं लिंपायचे, म्हणजे वाफ निसटत नाही.

वीज केंद्रात मी जे कंडेन्सर पाहिले त्यांचं तत्त्व हेच. फक्त इथं मापक नाही, गेज नाही, आणि चालवणारी बहुतेक वेळा घरातली बाई. किती वेळ जाळ ठेवायचा, कधी थांबायचं, हे ती वासावरून आणि थेंबाच्या गतीवरून ठरवते. सुरुवातीला उतरते ती सगळ्यात कडक, पुढे पाण्याचं प्रमाण वाढत जातं. 'पहिल्या धारेची' हा शब्दप्रयोग आपण विनोदात वापरतो, पण तो शुद्ध तांत्रिक शब्द आहे.

गोंडांच्या घरी ही दारू जन्म, लग्न, मरण, पेरणी, देवाचं करणं, सगळ्याला लागायची. पहिली धार देवाला आणि पूर्वजांना वाहायची. ती घरीच व्हायची. त्यासाठी दुकानाची गरज नव्हती. मग दुकान आलं कुठून?

कलार

कलार किंवा कलाल हा शब्द संस्कृत 'कल्यपाल' वरून आला असं मानतात. कल्य म्हणजे मद्य, ते राखणारा तो कल्यपाल. मध्य प्रांतातल्या जातींवर रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचा चार खंडांचा ग्रंथ १९१६ साली निघाला, त्यात या समाजावर स्वतंत्र प्रकरण आहे. दारू गाळणं आणि विकणं हा त्यांचा परंपरेचा धंदा, पण त्यातले अनेक जण तेव्हाच सावकार, शेतकरी आणि गावमालक झाले होते.

या 'गावमालक' शब्दापाशी थांबायला हवं. इंग्लंडात पब चालवणाऱ्याला 'लँडलॉर्ड' म्हणतात, त्याच्याकडे गुंठाभर जमीन असो की नसो. आमच्याकडे काही कलालीवाले खरोखरचे लँडलॉर्ड झाले. ते कसं घडलं, हे समजायला लिलाव समजून घ्यावा लागतो.

लिलाव

नागपूरचे भोसले १८५३ साली निपुत्रिक वारले आणि पुढच्या वर्षी राज्य इंग्रजांनी खालसा केलं. १८६१ साली मध्य प्रांत तयार झाला. नव्या सरकारला दोन गोष्टी हव्या होत्या, जमिनीचा सारा आणि आबकारी. जमिनीसाठी त्यांनी १८६० च्या दशकातल्या बंदोबस्तात मालगुजारांना गावांची मालकी दिली. आधी जो नुसता सारा वसूल करून द्यायचा, तो आता मालक झाला. मालकी आली म्हणजे ती गहाण पडू शकते, विकली जाऊ शकते.

आबकारीसाठी गावोगावच्या भट्ट्यांचा लिलाव सुरू होता. एका टापूत दारू गाळायची आणि विकायची मुभा, ठरावीक मुदतीसाठी, सगळ्यात मोठी बोली लावणाऱ्याला. किती गाळली याची मोजदाद नाही. रक्कम एकदा भरली की झालं.

यातला दोष शेतकऱ्याला चटकन कळेल. विहिरीवरच्या पंपाचं वीजबिल फ्लॅट रेटनं येत असलं की मोटर रात्रंदिवस चालते. मीटर बसला की माणूस हिशेब करायला लागतो. भट्टीचा ठेका हा फ्लॅट रेट होता. भरलेली रक्कम वसूल करून वर नफा काढायचा तर एकच रस्ता, जास्तीत जास्त लोकांना जास्तीत जास्त पाजणं. रोख नसेल तर उधार. उधारीला तारण धान्य, मग बैल, मग जमीन.

आणि टापूचा मक्ता एकाला दिल्यावर त्याच टापूतल्या घरच्या चुलीवरची हंडी आपोआप गुन्हा ठरली. जे देवासाठी घरी व्हायचं ते आता दुकानातून विकत घ्यायचं, तेही उधारीवर. सातपुड्यात हिंडलेला कॅप्टन जेम्स फोर्सिथ याचं मध्य भारतातल्या डोंगराळ मुलखावरचं पुस्तक १८७१ साली निघालं. गोंड कलाराच्या पाशात कसा अडकतो याची तक्रार त्यातही आहे. पुढे हा प्रकार इतका वाढला की १९१६ साली सरकारला मध्य प्रांतात जमीन हस्तांतरणावर निर्बंध घालणारा वेगळा कायदा करावा लागला, म्हणजे आदिवासींची जमीन सावकाराच्या हाती सहज जाऊ नये.

पण इथं न्यायानं बोललं पाहिजे. फोर्सिथसारख्या अधिकाऱ्यांच्या लिखाणात सगळा दोष कलाराच्या माथी येतो. तो लोभी, तो लबाड. कलार काय करत होता? सरकारनं लावलेल्या बोलीची रक्कम भरून काढत होता. बोली जितकी चढेल तितकं सरकारचं उत्पन्न वाढणार. त्या बोलीचा भार शेवटी डोंगरावरच्या माणसावर पडणार, हे लिलाव करणाऱ्याला कळत नव्हतं असं नाही. गावानं मात्र दुकानावर बसलेला चेहरा पाहिला आणि एका अख्ख्या समाजाला नाव ठेवलं. तो डाग त्या समाजातल्या शेती करणाऱ्यांना, शिक्षकांना, ज्यांनी कधी भट्टी पाहिलीही नाही अशांनाही पुढे कित्येक वर्षं वागवावा लागला.

मालकांची यादी का जुळत नाही

आता माझ्या यादीकडे येतो.

इंग्लंडात १५५२ च्या कायद्यानं दारूगृह चालवायला स्थानिक न्यायाधीशांचा परवाना लागू लागला. तो माणसाला मिळायचा, त्या माणसाची वर्तणूक पाहून, त्या घरासाठी. वर्षाला नूतनीकरण, पण बहुधा तोच माणूस, तेच घर. अठराव्या शतकात तर या परवान्यांच्या नोंदवह्या ठेवणं बंधनकारक झालं. म्हणून तिकडच्या मंडळांना दोनशे वर्षांची साखळी मिळते. परवान्यानं माणसाला घराशी बांधलं होतं.

आमच्याकडे लिलावानं माणसाला घरापासून सोडवलं. बोली कुणीही लावू शकत होता, जातीची अट नव्हती. आज हा, पुढच्या फेरीला तो. त्याचा दुकानाच्या भिंतीशी, अंगणाशी, गावाशी काही संबंध नाही. त्यानं कधी ते दुकान पाहिलंही नसेल. पाटी कुणाच्या नावाची लावणार, आणि कशाला? पुढच्या वर्षी ती उतरवायचीच आहे.

हे मला कागदांपेक्षा म्हाताऱ्या माणसांकडून जास्त कळलं. ऐंशीच्या पुढच्या पाच-सहा जणांना मी विचारलं, "भट्टीचा मालक कोण होता हो?" एकालाही मालक आठवेना. "तो नागपूरवाला होता काय तं." "मंग कोन्तातरी परासियावाला आला." गावाचं नाव, माणसाचं नाही. पण गल्ल्यावर बसणारा मुनीम सगळ्यांना आठवला. मालक बदलले तरी तो बदलला नाही, प्रत्येक नव्या ठेकेदारानं त्यालाच ठेवला, कारण कुणाची किती उधारी हे त्याच्याच डोक्यात होतं. आणि त्याहून जास्त आठवली ती दुकानाबाहेर फुटाणे आणि कांदाभजी विकणारी बाई. ती कोणत्या वर्षापासून बसायला लागली, नवरा गेल्यावर तिनं भज्यांची कढई कशी वाढवली, पोरींची लग्नं कुठं केली, हे सगळं त्यांना पाठ होतं. तिच्यामागे तिची सून बसायची.

म्हणजे एका जागेवर टिकलेली, पिढी बदलली तरी चाललेली साखळी होती. फक्त ती दुकानाच्या आत नव्हती, बाहेर पोत्यावर बसली होती.

आणि दुकानाचा मालक? १८६० च्या दशकापासून आजपर्यंत एकच. सरकार. बाकी सगळे भाडेकरू.

सदर भट्टी ते 'यू.पी.'

फ्लॅट रेटचा तोटा सरकारच्याही लक्षात आला होता. त्यावर उपाय म्हणून काही ठिकाणी सदर भट्टीची पद्धत आणली. सरकारी आवारात येऊन कलारांनी पहाऱ्याखाली दारू गाळायची, बाहेर नेताना गॅलनवर कर भरायचा. म्हणजे मीटर बसला. १९०५-०६ साली भारत सरकारनं आबकारीवर एक समिती नेमली, आणि तिच्यानंतरच्या वर्षांत पुरवठ्याचं कंत्राट एकेका मोठ्या डिस्टिलरीला देण्याकडे कल गेला. तिथून दारू सरकारी गोदामात, गोदामातून दुकानात. तत्त्व असं सांगितलं जायचं की खप कमीत कमी आणि महसूल जास्तीत जास्त. १९१५ साली मध्य प्रांताचा आबकारी कायदा झाला. आजच्या मध्य प्रदेशात नाव बदलून आणि दुरुस्त्या होऊन तोच कायदा चालू आहे.

या बदलात एक गोष्ट कायमची गेली. कलाराची कारागिरी. जो गाळत होता तो आता नुसता विकणारा झाला. दुकानातली आग विझली, आणि 'भट्टी' हा शब्द तेवढा मागे राहिला.

मीटर म्हटला की माप आलं, आणि माप इंग्रजी आलं. देशी दारूच्या बाटलीवर '२५ यू.पी.' असं लिहिलेलं असतं. आमच्याकडचे तरुण त्याचा अर्थ उत्तर प्रदेश असा लावतात. तो अर्थ असा: जुन्या काळी इंग्लंडात दारूची ताकद पाहायला ती बंदुकीच्या दारूवर ओतायचे आणि काडी लावायचे. पेटली तर दारूचा कस सिद्ध झाला, म्हणजे 'प्रूफ'. पाणी जास्त असेल तर पेटायची नाही, ती 'अंडर प्रूफ', म्हणजे यू.पी. पुढे हायड्रोमीटर आला आणि प्रूफ म्हणजे आकारमानानं ५७.१ टक्के अल्कोहोल असं ठरलं. २५ यू.पी. म्हणजे त्याच्या पंचवीस टक्के खाली, साधारण ४२.८ टक्के. ५० यू.पी. म्हणजे २८.५ टक्के. बंदुकीच्या दारूचं हे इंग्रजी माप सौंसरच्या माणसाच्या हातातल्या पाव बाटलीवर अजून आहे. वासावरून आणि धारेवरून माप सांगणारी बाई मात्र कायद्याच्या बाहेर गेली.

सीमा

स्वातंत्र्य चळवळीत दारूच्या दुकानापुढे धरणं धरणं हा महत्त्वाचा कार्यक्रम होता, कारण दुकान म्हणजे सरकारचं उत्पन्न हे लोकांना पक्कं ठाऊक होतं. नागपूर काँग्रेसनंतर लगेच, ६ जानेवारी १९२१ ला, गांधीजी छिंदवाड्यात आले होते. असहकाराच्या त्या वर्षी मध्य प्रांतात ठिकठिकाणी दारूदुकानांपुढे स्वयंसेवक उभे राहिले. पुढे काँग्रेस मंत्रिमंडळानं १९३८ साली मध्य प्रांत-वऱ्हाडासाठी दारूबंदीचा कायदा केला, पण बंदी काही भागांपुरतीच राहिली.

मग आमच्या भागावर वेगळीच वेळ आली. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला. भाषा एक, सोयरीक एक, बाजार एक, पण कायदे दोन झाले. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा १९५९ साली विदर्भाला लागू झाला. अलीकडे सौंसर-पांढुर्ण्यात परवान्याचं दुकान, पलीकडे सावनेर-वरुडकडे बंदी. पुढे महाराष्ट्रात बंदी सैल झाली, परवाने आले, पण कायद्याचा सांगाडा तोच राहिला.

या सीमेची गंमत दारूपेक्षा फुलात जास्त दिसते. मुंबई इलाख्यात १८९२ सालीच ठाणे-कुलाबा भागात मोहाच्या फुलांवर नियंत्रण आणणारा कायदा झाला होता. फूल ठेवणंसुद्धा नियमात. तोच विचार पुढच्या दारूबंदी कायद्यात उतरला, आणि महाराष्ट्रात मोहफुलं गोळा करण्या-साठवण्यावरचे निर्बंध २०२१ साली उठले. आमच्याकडे फुलाचं पोतं उघड बाजारात विकलं जायचं. तेच पोतं डोक्यावर घेऊन कुणी चार कोस खाली उतरलं की ते संशयाची वस्तू व्हायचं.

मध्य प्रदेशातही रेषा आहेतच. अनुसूचित क्षेत्रात राहणाऱ्या अनुसूचित जमातीच्या लोकांना घरच्या वापरापुरती, मर्यादित प्रमाणात मोहाची दारू काढायला सूट आहे. पण हे अनुसूचित क्षेत्र आमच्या दोन्ही तालुक्यांत पूर्ण नाही. पांढुर्ण्यात पुष्कळसे पटवारी हलके त्यात येतात, सौंसरमध्ये थोडेच. म्हणजे दोन सख्ख्या बहिणी दोन गावांत दिल्या असतील, तर एकीची हंडी परंपरा आणि दुसरीची गुन्हा.

अहाता

शेवटचा शब्द अहाता. म्हणजे आवार. दुकानाला लागून पत्र्याची शेड, बाकडी, पाण्याची टाकी, भजी-अंड्याचा गाडा. दुकानातून घ्यायची, तिथं बसून प्यायची. आमच्याकडे पबच्या सगळ्यात जवळ जाणारी जागा हीच. घामाचा वास, भांडणं, उलट्या, सगळं होतं. मी तिचं कौतुक करत नाही. पण हमाल, ट्रॅक्टरवाला, संत्र्याचा तोडा करणारा मजूर, कारखान्यातला ऑपरेटर तिथं एका बाकावर बसायचे. गावात दुसरीकडे ते एका बाकावर दिसत नाहीत.

२०२२ पासून देशी आणि विदेशी दारू एकाच दुकानात मिळू लागली. आणि १ एप्रिल २०२३ पासून मध्य प्रदेश सरकारनं राज्यातले सगळे अहाते बंद केले. शेजारच्या मुलताईत तर, तापीचं उगमस्थान म्हणून, १ एप्रिल २०२५ पासून दुकानंच बंद झाली.

अहाते बंद झाले तेव्हा आमच्या गल्लीतल्या बायकांनी सुटकेचा श्वास टाकला, तो मी ऐकला आहे. बाजाराच्या रस्त्यानं पोरीबाळींना जाता यायला लागलं. दोन महिन्यांनी त्यांच्यातलीच एक मला म्हणाली, "भाऊ, आता तो घरीच घेऊन येते न बसते." संध्याकाळी नाल्याच्या पुलावर, संत्र्याच्या बगीच्याच्या धुऱ्यावर रिकाम्या पावांचा खच दिसतो. हिशेब कुठल्या बाजूला झुकतो ते मी सांगत नाही. इतकंच नोंदवतो की दीडशे वर्षं सरकारनं जी जागा चालवली ती सरकारनंच एका आदेशानं मिटवली, आणि विक्री मात्र खिडकीतून चालू आहे.

आता ती वारसा झाली

२२ नोव्हेंबर २०२१ ला मंडल्यात राज्याच्या मुख्यमंत्र्यांनी जाहीर केलं की मोहाची दारू 'हेरिटेज' म्हणून विकली जाईल. त्याप्रमाणे अलीराजपूर आणि डिंडोरीत आदिवासी महिलांच्या बचत गटांनी ती तयार करायला सुरुवात केली. सुबक बाटली, लेबल, परवाना. चांगलं आहे. ज्यांची विद्या त्यांना तिचे पैसे मिळावेत, यात वाद नाही.

पण गेल्या उन्हाळ्यात बाजारात मोहफुलं विकणाऱ्या एका गोंड आजीशी बोलत होतो. वय सत्तरच्या पुढचं. मी तिला ही बातमी सांगितली. तिनं फुलं मोजता मोजता ऐकली आणि विचारलं, "मंग माह्या बापाले काहून नेलं होतं?" तिच्या बापाला एका हंडीपायी पकडून नेलं होतं. दंड भरायला बैल विकला. तो बैल ज्यानं घेतला त्याच्याकडेच पुढे शेतही गेलं. आजी हे रागानं सांगत नव्हती, हिशेब सांगावा तसं सांगत होती. माझ्याजवळ उत्तर नव्हतं. मी दोन किलो फुलं घेतली आणि आलो.

वारसा म्हणून बाटली जपायची असेल तर तिच्याबरोबर ही कथाही जपली पाहिजे, नाहीतर तो अर्धाच वारसा.

म्हणून मंडळातर्फे वाचकांना एक विनंती. आपल्या घरी जुन्या ट्रंकेत आबकारी लिलावाची पावती, परवाना, दुकानाचं उधारीचं बाड, गोदामाची चिठ्ठी, हंडी पकडल्याचा पंचनामा, दंडाची पावती असं काही असेल तर टाकून देऊ नका. अनेक घरांत असे कागद लाजेपोटी जाळले जातात. कलार घरांत लाज धंद्याची, गोंड घरांत लाज शिक्षेची. दोन्ही घरांनी लाजण्याचं कारण नाही. ते कागद दाखवा, आम्ही छायाचित्र काढून परत करू, आणि सांगाल तर नाव झाकून ठेवू.

आणि भजीवाल्या बाईची सून अजून आहे. अहाता गेल्यापासून ती बसस्टँडवर बसते. माझी यादी मी तिच्या सासूपासून सुरू केली आहे.